प्राणी निवडण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं रेखाटन नीट पाहिलं. लाल पोशाखातली पाठमोरी बाई, तिच्या मोकळ्या केसांतून वर झेपावणारा गरुड, खांद्याशी लांडगा, पायाशी कासव आणि कडेला पश्चिम किनाऱ्याच्या धाटणीत काढलेला कावळा. हात चांगला बसलाय तुझा. केसांची पिसं होतात ती जागा तर फार सुंदर साधली आहेस. 5 मे रोजी, रेड ड्रेस डेला, म्हणजे कॅनडातल्या बेपत्ता झालेल्या आणि खून झालेल्या आदिवासी स्त्रियांच्या स्मरणदिनी, हे चित्र तुझ्या विनिपेगच्या कॉलेजच्या भिंतीवर यावं असं तुला वाटतं. यांतला कोणता प्राणी ठेवू आणि कोणाचा अर्थ लोकांपर्यंत जास्त पोचेल, असं तू मला विचारलंयस.

तू मला मावशी म्हणतेस, म्हणून स्पष्ट लिहिते. प्राण्याचा अर्थ काय, हा प्रश्न नंतरचा. तो प्राणी कोणाचा आहे, हे आधी विचारायला हवं. आणि त्याच्याही पुढे जाऊन, चित्रात तो नेमकं काय काम करतोय, तेही.

तुझ्या भिंतीवर चार प्राणी वेगवेगळ्या घरांतून येऊन उभे राहिलेत. गरुड, लांडगा आणि कासव तू बहुधा अनिशिनाबे या आदिवासी लोकांच्या 'सात आजोबांच्या शिकवणी'तून घेतलेस. तिथे गरुड म्हणजे प्रेम, लांडगा म्हणजे नम्रता, कासव म्हणजे सत्य. अस्वलाकडे धैर्य, नदीत बांध घालणाऱ्या बीव्हरकडे शहाणपण, बायसन या माळरानावरच्या गव्यासारख्या प्राण्याकडे आदर, वगैरे. विनिपेगमध्ये ही शिकवण शाळांच्या भिंतींवरही दिसते, त्यामुळे ती सगळ्यांचीच आहे असं वाटू लागतं. कावळा मात्र हायडा लोकांच्या वळणाचा आहे, आणि ते बेटांवरचे लोक, तुझ्या शहरापासून मधले दोन प्रांत ओलांडून त्याही पलीकडे समुद्रात. त्यांच्या कथेत कावळ्याला किनाऱ्यावर एक शिंपला सापडतो, त्यात पहिली माणसं दडून बसलेली असतात आणि तो त्यांना गोड बोलून बाहेर काढतो. हा कावळा अनिशिनाबे कासवाशेजारी का आलाय, असं एखाद्या आजीने तुला विचारलं, तर काय सांगशील? कॅनडात फर्स्ट नेशन्स म्हणवणारे 630 हून जास्त आदिवासी समुदाय आहेत, शिवाय आदिवासी-युरोपीय मिश्र वंशाचे मेटी आणि उत्तर ध्रुवाकडचे इन्युइट. एका समाजात जो पक्षी पूर्वज असतो, तोच दुसरीकडे नकोसा असू शकतो. घुबडाचंच बघ. क्री आणि इतर बऱ्याच समाजांत ते मृत्यूची वर्दी देतं असं मानतात. मुलगी हरवलेल्या आईसमोर आपण अजाणता काय मांडू, याचा भरवसा नाही.

आता पश्चिम किनाऱ्याकडे थोडं थांबून बघ, कारण तिथली गोष्ट तुझ्या चित्राच्या मुळाशी जाते. तिथल्या त्सिम्शियन लोकांत चार कुळं आहेत: गरुड, कावळा, लांडगा आणि ऑर्का हा शिकारी देवमासा. हायडांमध्ये दोन विभाग, कावळा आणि गरुड. मूल आईच्या कुळात जन्मतं, वडिलांच्या नाही. कुळाबरोबर नावं येतात, गाणी येतात, मासेमारीच्या जागा येतात, आणि तो प्राणी खांबावर, घोंगडीवर, मुखवट्यावर कोरण्याचा अधिकारही येतो. आपल्या लग्नात देवक बसवतात ते आठव. कोणाचं कळंब, कोणाचं मोराचं पीस, कोणाचं पंचपल्लव. ते घराण्यातून आलेलं असतं. शेजाऱ्याचं देवक शोभून दिसतं म्हणून कोणी आपल्या मांडवात आणून बसवत नाही, आणि एका देवकाच्या दोन घरांत सोयरीक होत नाही. त्या किनाऱ्यावरचे प्राणी या तोलाचे आहेत.

म्हणून त्या भागातली एक मुलगी नाहीशी झाली की तिच्याबरोबर लांडगा किंवा गरुड पुढच्या पिढीत नेणारी वाटही तुटते. तिच्या पोटी जी मुलं जन्मली असती त्यांचं कुळ, त्यांची नावं, सगळंच थांबतं. प्राणी आणि स्त्री हे तिथे दोन वेगळे विषय नाहीतच.

हे सगळं तोडण्याचं काम कायद्यानेही केलं, आणि तो इतिहास माहीत नसताना यावर चित्र काढू नये असं मला ठामपणे वाटतं. 1884 मध्ये कॅनडाने पॉटलॅच या समारंभावर बंदी घातली. कुळाचे अधिकार चारचौघांत जाहीर होतात, मुखवटे घालून पूर्वज-प्राणी नाचतात, यजमान आपली संपत्ती वाटून टाकतो, तो हा समारंभ. बंदी 1951 पर्यंत टिकली. 1921 मध्ये त्याच किनाऱ्यावरच्या क्वाक्वाकावाक्व लोकांनी व्हिलेज आयलंडवर गुपचूप मोठा पॉटलॅच केला, तेव्हा धरपकड झाली, लोक तुरुंगात गेले आणि मुखवटे जप्त होऊन ऑटावा, टोरांटो, न्यूयॉर्कच्या संग्रहांत गेले. त्यांतले बरेचसे परत मिळवायला त्यांना अनेक दशकं झगडावं लागलं. अलर्ट बेमधलं उमिस्ता केंद्र 1980 मध्ये त्यासाठीच उघडलं. दुसरीकडे आदिवासींसाठी केलेल्या इंडियन अ‍ॅक्टनुसार एखाद्या फर्स्ट नेशन्स स्त्रीने बाहेरच्या पुरुषाशी लग्न केलं की तिची कायदेशीर ओळखच जायची. राखीव वस्तीत राहण्याचा हक्कही जायचा. पुरुषाचं असं काही जात नसे. हे 1985 पर्यंत चाललं. आईकडून कूळ मोजणाऱ्या समाजांवर हा कायदा लादला, म्हणजे काय केलं ते तूच बघ. बाईला घरातून आणि कागदातून बाहेर काढलं, आणि मग ती रस्त्यावर सापडली नाही तेव्हा पोलिसांनी विचारलं की ती नेमकी कुठे राहत होती.

रस्ता म्हटला की हायवे 16 येतोच. ब्रिटिश कोलंबिया या पश्चिमेकडच्या प्रांतात प्रिन्स जॉर्जपासून प्रिन्स रुपर्टपर्यंत सुमारे 720 किलोमीटरचा हा पट्टा, ज्याला लोक हायवे ऑफ टिअर्स म्हणतात. लांब लांब वस्त्या, मध्ये जंगल, सोयीची बस नव्हती. दवाखान्यात जायचं, नातेवाइकांकडे जायचं, तर हात दाखवून गाडी थांबवायची. त्यात किती मुली गेल्या. 2006 मध्ये तिथल्या लोकांनी एकत्र बसून 33 शिफारशी केल्या, त्यांत गावागावांना जोडणारी बस ही अगदी साधी मागणी होती. सरकारी बससेवा सुरू व्हायला 2017 उजाडलं. अकरा वर्षं, एका बससाठी! मला यावर शांतपणे लिहिता येत नाही आणि लिहायचंही नाही.

आकडे थोडक्यात देते, कारण ते तुला पाठ असायला हवेत. कॅनडाच्या केंद्रीय पोलिसांनी 2014 मध्ये जाहीर केलं की 1980 ते 2012 या काळात आदिवासी स्त्रियांचे 1,017 खून नोंदले गेले, शिवाय 164 जणी बेपत्ता असल्याची नोंद होती. देशातल्या स्त्रियांत त्यांचं प्रमाण सुमारे 4 टक्के, खून झालेल्या स्त्रियांत 16 टक्के. हे फक्त नोंदलेले. सीमेपलीकडे अमेरिकेत सिएटलच्या एका आदिवासी आरोग्य संस्थेने 2018 मध्ये दाखवून दिलं की 2016 या एका वर्षात बेपत्ता आदिवासी स्त्रिया आणि मुलींच्या 5,712 तक्रारी होत्या, तर केंद्रीय न्याय खात्याच्या यादीत फक्त 116. कॅनडाचा राष्ट्रीय चौकशी आयोग 2016 मध्ये सुरू झाला, मॅरियन बुलर या प्रमुख आयुक्त होत्या, आणि 3 जून 2019 च्या अहवालात त्यांनी या साऱ्याला वंशसंहार म्हटलं. 231 मागण्या मांडल्या. त्यांना शिफारशी न म्हणता न्यायासाठीच्या हाका म्हटलंय. तो अहवाल वाच. सगळा एका बैठकीत वाचवणार नाही, पण कुटुंबांच्या साक्षी तरी वाच.

आता तुझ्या चित्रातल्या बाईबद्दल. लाल पोशाखाची कल्पना विनिपेगच्या जेमी ब्लॅक यांनी 2010 मध्ये सुरू केलेल्या कामातून आली. लोकांनी दिलेले लाल पोशाख झाडांना, इमारतींच्या कडेला, मोकळ्या जागी टांगायचे. 2019 मध्ये ते वॉशिंग्टनला अमेरिकन इंडियन संग्रहालयाच्या आवारातही लागले. आत्म्यांना लाल रंग दिसतो असं सांगतात, म्हणून लाल. वारा आला की बाह्या हलतात आणि आत कोणी नसतं. त्या कामाची सगळी ताकद या आत कोणी नसण्यात आहे. तू पोशाखात देह भरलास आणि ती ताकद गेली. पाठमोरी सुंदर बाई काढली की बघणारा तिच्या कमरेकडे, केसांकडे बघतो. ज्या नजरेने या बायकांचं वाटोळं केलं, तिलाच आपण पुन्हा जागा देतो. हे तुझ्या मनात नव्हतं हे मला माहीत आहे. पण भिंतीसमोरून जाणाऱ्या माणसाला तुझं मन दिसत नाही, चित्र दिसतं.

प्राणी काय काम करतात, या प्रश्नाकडे येते. हॉदेनोशोनी लोकांची आकाशातल्या स्त्रीची कथा तू ऐकली असशील. ती वरच्या जगातून खाली पडते. खाली नुसतं पाणी. पाणपक्षी तिला पडताना बघतात आणि पंखांना पंख लावून झेलतात. पण ते तिला किती वेळ धरणार? मग कासव पाठ पुढे करतं. मातीसाठी एकेक प्राणी बुडी मारतो, दमतो, हरतो. शेवटी मस्करॅट, पाणउंदरासारखा छोटासा जीव, मूठभर चिखल घेऊन वर येतो. त्या चिखलाची जमीन होते. या खंडाला कासवाचं बेट म्हणतात ते यावरून. मला या कथेत नेहमी हेच दिसतं की एक बाई पडत होती आणि कोणीही तिला ती कोण, कुठली, इतक्या रात्री काय करत होती असं विचारलं नाही. आधी झेललं. हायवेवर जे कोणी केलं नाही ते त्या पक्ष्यांनी केलं.

इन्युइट कथांमधली समुद्रतळाची स्त्री याहून कठोर आहे. तिला सेडना म्हणतात, नुलियाजुकही म्हणतात, आणि प्रत्येक भागात कथा थोडी वेगळी. पुष्कळ ठिकाणी अशी सांगतात: तिचा बाप तिला नावेतून पाण्यात लोटतो, ती काठाला धरून राहते, तेव्हा तो तिची बोटं तोडतो. त्या बोटांचे सील होतात, वॉलरस होतात, देवमासे होतात. ती तळाशी राहते. माणसं वाईट वागली की तिच्या केसांत गुंता होतो, ती प्राणी अडवून धरते आणि वर लोकांवर उपासमार येते. मग शामान, म्हणजे आत्म्यांशी बोलणारा जाणता, खाली जाऊन तिचे केस विंचरतो, कारण तिला बोटं नाहीत. प्राणी सुटतात, घरात अन्न येतं. हिंसा झालेली बाई या कथेत हतबल बळी म्हणून उरत नाही; साऱ्या समाजाचं पोट तिच्या हातात आहे, आणि तिच्याशी समेट करायचा तर कोणीतरी खाली उतरून कंगवा हातात घ्यायला हवा. विनिपेगच्या आर्ट गॅलरीला जोडून 2021 मध्ये कौमाजुक हे इन्युइट कलेचं दालन उघडलंय. तिथे जा. काचेमागे रचून ठेवलेली दगडी कोरीवकामं बघ, आणि तिथले प्राणी कसे सतत काहीतरी करत असतात ते बघ: पोहतात, ओढतात, रूप बदलतात, पाठीवर कोणाला तरी घेऊन जातात.

तुझ्या रेखाटनातले प्राणी तिच्याभोवती उभे आहेत. देखणे आहेत. पण ते तिला झेलत नाहीत.

मूसचं उदाहरण देते, हरणाच्या कुळातला हा सगळ्यांत मोठा प्राणी. 2011 मध्ये पॉल लासर्ट आणि त्यांची मुलगी रेव्हन हायवे 16 च्या जवळ, आपल्या पूर्वजांच्या भूमीवर, मूसच्या शिकारीला गेले होते. हिवाळ्याचं अन्न मिळालं. आणि त्या रस्त्याच्या इतक्या जवळ असल्याने बेपत्ता मुलींचा विषय मनात होताच. त्यांनी त्या कातड्याचे छोटे चौकोन कापले आणि पुरुषांच्या छातीवर लावायला दिले. ज्याने तो लावला, त्याने बायकांवर आणि मुलांवर हात उगारणार नाही, दुसऱ्याने उगारला तर गप्प बसणार नाही, असा शब्द दिला. आज असे लाखो चौकोन देशभर गेलेत. मूसचं चित्र कुठेही नाही. त्याने आधी घर पोसलं आणि मग त्याचं कातडं पुरुषांना जबाबदारीची आठवण करून देऊ लागलं. आणि जबाबदारी पुरुषांवर ठेवली आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तुझ्या चित्रात पुरुष कुठेच नाहीत, जणू या बायका आपोआप हरवल्या.

मेटी चित्रकार क्रिस्टी बेलकोर्ट यांनी 2012 मध्ये लोकांना आवाहन केलं: मोकासिन या पारंपरिक पादत्राणाचा फक्त वरचा तुकडा भरतकाम करून पाठवा. पुढे बूट शिवायचा नाही. पुरं न झालेलं आयुष्य तसंच पुरं न झालेलं राहू द्यायचं. त्यांनी 600 जोड मागितले होते, 1,600 हून जास्त आले. आदिवासी मुलांना घरातून नेऊन ठेवलेल्या निवासी शाळांतून परत न आलेल्या मुलांसाठी इवले इवले जोडही आले. मणी होते, साळिंदराचे काटे होते, धुरावर कमावलेलं कातडं होतं. हे सगळं 2013 पासून गावोगाव फिरलं आणि 2019 मध्ये सस्कॅचेवानमधल्या बटोशला थांबलं. बघायला येणाऱ्याने बूट काढायचे, जमिनीवर अंथरलेल्या कापडावरून त्या तुकड्यांच्या कडेने चालत जायचं. ते काम प्रदर्शन म्हणून मांडलं गेलं नाही, विधी म्हणून सांभाळलं गेलं. प्रत्येक गावी तिथल्या वडीलधाऱ्यांनी ते आपल्या रीतीने स्वागत करून घेतलं. शिवणारे हात हजारावर होते, आणि प्रत्येकाने एकेक मणी ओवताना कोणाचा तरी विचार केला होता. एका हुशार मुलीने एका भिंतीवर एका आठवड्यात काढलेलं चित्र याची जागा घेऊ शकत नाही. तुला कमी लेखत नाही मी. हे काम कोणत्या मापाचं आहे ते सांगतेय.

प्राणी नसलेलं कामही बघ. अनिशिनाबे कलाकार रिबेका बेलमोर 2002 मध्ये व्हँकुव्हरच्या डाउनटाउन ईस्टसाइडमध्ये, जिथून अनेक बायका नाहीशा झाल्या त्याच रस्त्यावर उभ्या राहिल्या. त्यांनी रस्ता घासून धुतला, मेणबत्त्या लावल्या, हातावर लिहिलेली नावं एकेक करून ओरडून घेतली. मग अंगावरचा लाल पोशाख खिळ्याने खांबाला ठोकला आणि स्वतःला ओढून तो फाडला, पुन्हा ठोकला, पुन्हा फाडला. त्याच गल्ल्यांतून 1992 पासून दरवर्षी 14 फेब्रुवारीला स्त्रियांच्या स्मरणाचा मोर्चा निघतो. कला आणि मोर्चा यांत तिथे फारसं अंतर नाही.

तुझ्या शहरातली गोष्ट शेवटी ठेवली, कारण ती मला सगळ्यांत जड जाते. 2022 मध्ये विनिपेगमध्ये चार आदिवासी स्त्रियांचे खून झाल्याचं उघड झालं. त्यांतल्या एकीची ओळख पटत नव्हती. नाव नाही, देह नाही. तेव्हा तिथल्या वडीलधाऱ्यांनी तिला नाव दिलं: मश्कोदे बिझिकिइक्वे, बायसन स्त्री. ज्या बायसनवर माळरानावरचे लोक जगत होते, आणि ज्याला एकोणिसाव्या शतकात कोट्यवधींवरून काही शेकड्यांपर्यंत संपवलं गेलं, त्याचं नाव एका अनोळखी लेकीला. तिच्यासाठी प्रार्थना करायची तर हाक मारायला काहीतरी हवं होतं. खटल्यातही ती त्याच नावाने उभी राहिली, आणि 2024 च्या जुलैमध्ये मारेकरी चारही खुनांसाठी दोषी ठरला. मार्च 2025 मध्ये तिची ओळख पटल्याचं पोलिसांनी सांगितलं. आता तिचं स्वतःचं नाव तिच्या माणसांना परत मिळालंय, आणि ते कुठे, कसं घ्यायचं हे त्यांनी ठरवायचं, म्हणून मी इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दोघींचे अवशेष शहराबाहेरच्या कचराडेपोत असावेत हे कळूनही शोध घ्यायला आधी नकार मिळाला. धोक्याचं आहे, खर्चाचं आहे, वगैरे. कुटुंबांनी तंबू ठोकले, रस्ते अडवले, लाल पोशाख टांगले, कडाक्याच्या थंडीत बसून राहिले. 2023 मध्ये सरकार बदललं, वॉब किन्यू प्रांताचे प्रमुख झाले, कॅनडाच्या एखाद्या प्रांताचे पहिलेच फर्स्ट नेशन्स प्रमुख. शोध सुरू झाला आणि 2025 मध्ये त्या दोघी सापडल्या. म्हणजे सापडू शकत होत्या. तुझ्या भिंतीसमोरून त्यांची बहीण, मुलगी, मैत्रीण जाईल. ही शक्यता तुझ्या शहरात दूरची नाही. ती उद्याची आहे.

तर मग तू काय करायचं? घाबरून बाजूला हो, असं मी म्हणत नाही. गप्प बसणारे आधीच भरपूर आहेत.

कॉलेजने भिंत तुला दिली आहे, ती फार मोठी गोष्ट तुझ्या हातात आहे. ती एखाद्या आदिवासी स्त्री कलाकाराला मिळवून दे. अर्बन शामान ही विनिपेगमधली आदिवासी कलाकारांनी चालवलेली गॅलरी आहे, तिथून सुरुवात कर. कॉलेजच्या आदिवासी विद्यार्थी केंद्रात जाऊन भेट. चित्र घेऊन जाऊ नकोस, रिकाम्या हाताने जा आणि विचार. वडीलधाऱ्यांकडे काही मागायचं असेल तर अनिशिनाबे आणि क्री लोकांत तंबाखूची छोटी पुरचुंडी आधी द्यायची रीत आहे. पण सगळीकडे तसं नसतं, इन्युइट लोकांत तर ती प्रथाच नाही, म्हणून तेही कोणाला तरी विचारूनच. मानधन वेगळं. वडीलधाऱ्यांचा वेळ फुकट नसतो, आणि 'तुमचाच विषय आहे' म्हणून कलाकाराकडून फुकट काम मागणं ही तर लूटच.

त्या बाईने भिंत स्वीकारली तर तू तिची मदतनीस हो. भिंत घासायची, अस्तर द्यायचं, शिडी धरायची, रंग कालवायचे, चहा आणायचा. ती म्हणाली की इथे बायसन हवा आणि त्याचा हा भाग तू भर, तर मनापासून भर. तुझा हात त्यासाठीच तयार झालाय. ती म्हणाली की प्राणी नकोच, तर वाद घालू नकोस. या देशात नक्कल ही नुसती शिष्टाचाराची बाब राहिलेली नाही, हेही ध्यानात ठेव. नॉर्व्हल मॉरिसो या थोर अनिशिनाबे चित्रकाराच्या नावावर खपवलेल्या बनावट चित्रांच्या प्रकरणात 2023 मध्ये आठ जणांवर गुन्हे दाखल झाले आणि हजाराहून अधिक चित्रं जप्त झाली. जाड काळ्या रेषेतला, आतली हाडं-आतडी दाखवणारा प्राणी तू कितीही भक्तीने काढलास, तरी समोरच्याला ते सगळं आठवणार.

कोणाही मृत किंवा हरवलेल्या मुलीचा फोटो बातमीतून उचलून चेहरा काढू नकोस. कुटुंबाने हो म्हटल्याशिवाय नाही. चित्राच्या प्रती विकू नकोस, सदिच्छेच्या नावाखालीसुद्धा.

आणखी एक काम आहे, ते फक्त तूच करू शकतेस. आपल्या मराठी मंडळात, आपल्या घरांत या बायकांबद्दल काय बोललं जातं ते तुलाही माहीत आहे. त्या दारू पितात, त्या रस्त्यावर असतात, सरकार त्यांना फुकट पैसे देतं. इथे येऊन वर्ष होत नाही तोवर ही वाक्यं आपल्या तोंडात बसतात, आणि ती कुठून आली याचा कोणी शोध घेत नाही. विनिपेग ज्या भूमीवर आहे, तिच्यासाठी आदिवासी आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यात 1871 मध्ये पहिला करार झाला. आपली घरं त्या भूमीवर आहेत, आपल्या मुलांच्या शाळा तिच्यावर आहेत, आणि करार दोन बाजूंचा असतो. मंडळाच्या कार्यक्रमात दहा मिनिटं मागून घे आणि हे सगळं मराठीत सांग. कायदा सांग, बस सांग, कचराडेपो सांग. छातीवर लावायचे मूसच्या कातड्याचे चौकोन मागवता येतात. ते आपल्या काकांना, दादांना, त्यांच्या मित्रांना दे आणि त्याचा अर्थ समजावून सांग. हसतील काही जण. देत राहा. एक मराठी पोस्टरही कर, त्यात प्राणी नको, बाई नको. 5 मे ही तारीख, जमायची जागा, आणि का जमायचं ते चार ओळींत. अक्षरं तुझी स्वतःची आहेत, ती हवी तितकी सुंदर काढ.

या रेखाटनाचा कागद फाडू नकोस. तुझ्या वहीत ठेव. शिकताना काढलेलं कोणी बघायला येत नाही.

कॉलेजला द्यायच्या अर्जात मुख्य कलाकाराचं मानधन, वडीलधाऱ्यांचं मानधन आणि रंगसाहित्य अशा तीन वेगळ्या ओळी आजच घाल. 'मदतनीस' या जागी तुझं नाव लिही आणि रक्कम रिकामी ठेव. भिंतीचं माप आणि अर्जाची शेवटची तारीख मला कळव, मसुदा पाठवलास की रात्रीतून वाचून परत पाठवते.

तुझी,
मावशी